तर्क करावा, पण संहितेच्या आधाराने

संपादक महोदय,

काल्पनिक पात्रांच्या नात्यांवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या तरुणांची हल्ली थट्टा होते, ती मला पटत नाही. धरमपेठेतील आमच्या घरी नातवाचे मित्र परवा शेरलॉक होम्सच्या डॉ. वॉटसनवर भांडत होते. १८८७ च्या कादंबरीत त्याच्या खांद्याला असलेली जखम १८९० च्या कादंबरीत पायाला कशी, हा प्रश्न. लेखकाचा विसर, हे माझे उत्तर कोणीच मानले नाही!

आपल्याकडेही हे नवे नाही. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, हा तर्क इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये मांडला, तो विदुर यमधर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा पुत्र आणि अखेरीस विदुराचे युधिष्ठिरात विलीन होणे, अशा महाभारतातीलच दुव्यांवर; ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. जांभूळ आख्यान या लोककथेत तर द्रौपदी कर्णाविषयीच्या ओढीची कबुली देते, जी व्यासांच्या संहितेत नाही, तरी लोकांनी ती आपली मानली.

आक्षेप एवढाच, की स्वतःची कल्पना लेखकाच्या नावावर खपवू नये. नातवाला मी आता प्रत्येक दाव्यासाठी पान क्रमांक मागतो.

– एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ, नागपूर