टॅग सरकवू नका

संपादक महोदय,

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती म्हणजे फक्त नवा आकडा, असा समज दिसतो. प्रोग्रामिंग भाषांपैकी रस्टची आवृत्ती दर ६ आठवड्यांनी, रुबीची २५ डिसेंबरला, पायथनची ऑक्टोबरात येते. पण पायथनमध्ये मे महिन्यातल्या पहिल्या बीटालाच (चाचणी आवृत्तीलाच) नव्या सुविधांचं दार बंद होतं. पुढे फक्त दुरुस्त्या. दुरुस्ती आधी कोडच्या मुख्य शाखेत, जिथून पुढची आवृत्ती निघते; मग तीच कमिट (नोंदवलेला बदल) चेरी-पिक करून, म्हणजे तेवढीच उचलून, जुन्या आवृत्तीच्या शाखेवर. क्रम उलटा झाला आणि मुख्य शाखा राहून गेली, की पुढच्या आवृत्तीत तोच दोष पुन्हा उगवतो.

खरा घोळ शेवटच्या तासात. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) टॅग, म्हणजे कमिटला आवृत्तीचं नाव, लावून पुश केला, म्हणजे सर्व्हरवर पाठवला, चूक दिसली, म्हणून तोच टॅग पुढच्या कमिटवर सरकवला. ज्यांनी आधीच फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरून उतरवून घेतलं, त्यांच्याकडे जुनाच टॅग राहतो. गिट तो आपणहून बदलत नाही. एकाच ३.२.१ नावाचे दोन वेगळे कोड! त्यापेक्षा मुकाट्यानं ३.२.२ काढावी. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) तर पुसलेल्या फाइलचं नावही पुन्हा वापरता येत नाही.

आणि वाटायचं पॅकेज कोडच्या मूळ रिपॉझिटरीच्याच फोल्डरमध्ये तपासू नये. तिथे सगळ्या फाइल असतातच. टारबॉल (पॅकेजची एकत्र बांधलेली फाइल) रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडून तिथूनच बिल्ड करावं, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवावा. पॅकेजमधून वगळली गेलेली हेडर फाइल (बिल्डला लागणारी कोडची फाइल) तेव्हाच लक्षात येते.

— एक वाचक