स्मार्ट स्विच बदलण्याआधी बोर्ड उघडा

महोदय,

मोबाईलवरूनही चालणारा स्मार्ट स्विच दगा देऊ लागला की ‘मालच खराब’ असे म्हणून तो बदलला जातो. त्याच जागी बसवलेला दुसराही पुढे तसेच करतो, कारण खोट बहुधा स्विचमध्ये नसून बोर्डाच्या मागे असते.

आधी भिंतीवरचे बटण हाताने दाबून पाहावे. दिवा लागतो पण मोबाईलवरून लागत नाही, तर वायरिंगला हात लावण्याचे कारणच नाही. बहुतेक वाय-फाय स्विच राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ वर चालतात. राउटर बदलला, पासवर्ड बदलला किंवा वाय-फायची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर ठेवली की स्विच ‘ऑफलाइन’ होतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर २.४ ला वेगळे नाव देऊन स्विच पुन्हा जोडावा. भिंतीतला पेटारा पत्र्याचा असेल तर तोही सिग्नल अडवतो. वीज गेल्यावर स्विच लगेच जागा होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. रात्री वीज परतल्यावर घरातले सगळे दिवे आपोआप लागत असतील, तर ॲपमध्ये वीज आल्यानंतरची स्थिती ‘बंद’ किंवा ‘पूर्वीप्रमाणे’ करावी. तो बिघाड नव्हे, नुसते सेटिंग.

बटणही चालत नसेल किंवा स्विच मधूनमधून स्वतःच बंद-चालू होत असेल, तर मात्र मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्यावा. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद हवा. हे हमखास विसरले जाते. आधी टर्मिनलचे स्क्रू पाहावेत. १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचे तांब्याचे केस नीट न पिळता कोंबलेले असतात. सैल जोड तापतो, प्लास्टिक काळवंडते आणि ठिणग्यांमुळे आतले सर्किट पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. केस पिळून, टोकाला पिन थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून जोड घट्ट करावा.

आता खरे दुखणे. साध्या स्विचला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, लागत नाही. स्मार्ट स्विच दिवा बंद असतानाही जागा राहतो, म्हणून त्याला स्वतःसाठी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. ज्या बोर्डात प्लग आहे तिथे न्यूट्रल असतेच. जिन्यातल्या टू-वे (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणाऱ्या) बोर्डात किंवा नुसत्या दोन बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा नसते. मग काही कारागीर हिरवी अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या टर्मिनलला जोडून मोकळे होतात. स्विच चालतोही! एका स्विचचा प्रवाह काही मिलिॲम्पियर असतो, म्हणून ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) लगेच पडत नाही. असे चार-पाच बसले की कारण न कळता पडू लागतो. ज्या घरात आरसीसीबी नाही तिथे तेवढाही इशारा मिळत नाही. पुढे कुठे अर्थिंग तुटले, तर फ्रिज, गीझर यांच्या पत्र्यावर झटका बसू शकतो. हा जुगाड अक्षम्य आहे. शेजारच्या सर्किटचे किंवा इन्व्हर्टरच्या लाइनचे न्यूट्रल उसने घेणेही चूकच. त्यानेही आरसीसीबी पडू शकतो. न्यूट्रल त्याच सर्किटचे हवे.

न्यूट्रल ओढणे शक्य नसेल तर न्यूट्रलविना चालणारे स्विच मिळतात. ते आपला प्रवाह दिव्यातूनच घेतात, म्हणून कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मंद जळतो किंवा लुकलुकतो. उपाय बहुधा खोक्यातच असतो: सोबतचा छोटा कपॅसिटर दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडायचा, स्विचपाशी नाही. तो खोक्यात तसाच पडून राहतो आणि कंपनीच्या नावाने शिमगा होतो.

‘टक’ आवाज येऊनही दिवा लागत नाही किंवा विझत नाही, तर रिलेचे, म्हणजे आतून दिवा चालू-बंद करणाऱ्या भागाचे, संपर्क बहुधा जळलेले वा चिकटलेले असतात. असा स्विच बदलावाच, पण कारण काढून. ‘१० ॲम्पियर’ हा छापील आकडा साध्या, रोधक (जुना बल्ब, हीटर अशा) भारासाठी असतो. एलईडी पॅनेलचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे छोटे सर्किट) चालू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह खेचतात; फॉल्स सीलिंगचे दहा-बारा पॅनेल एकाच बटणावर घातले की रिले चिकटतो. ते दोन-तीन बटणांवर वाटावेत. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे १३ ॲम्पियर घेतो. त्याला १६ ॲम्पियरचाच स्विच हवा. पंख्याच्या स्मार्ट रेग्युलेटरच्या मागे जुना रेग्युलेटर तसाच ठेवला की पंखा गुणगुणतो; जुना काढून टाकावा.

विक्रेत्यांनी ‘न्यूट्रल आवश्यक’ ही सूचना खोक्याच्या दर्शनी बाजूला मराठीत छापावी. आणि नव्या इमारतींत बिल्डरांनी प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल न्यावे, पेटारेही खोल बसवावेत. कन्सील वायरिंग चालू असताना हे काम काही मीटर वायरीचे असते. प्लास्टर झाल्यावर त्यासाठी भिंत फोडावी लागते.

– एक वीज तंत्रज्ञ, ठाणे