घर पडले तरी भाडेकरूचा हक्क उरतो

महोदय,

पावसाळा जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठांतील घरांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मातीचे सपाट छत म्हणजे धाबे. धाब्याची माती भिजून जड होते, भिंतीतली लाकडाची टोके कुजतात आणि छत बसते. अशा घरातून माणसांनी बाहेर पडलेच पाहिजे. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू खोली सोडतो, त्या जागी दुकानांचे गाळे उभे राहतात आणि त्याला ऐकवले जाते, "घरच राहिले नाही, आता हक्क कसला?"

हे खरे नाही. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खीमजी प्रकरणात स्पष्ट केले आहे. नव्या बांधकामासाठी मालकाला कब्जा हवा असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ खाली दावा लावावा लागतो. पैसा आणि नकाशे तयार असल्याची न्यायालयाची खात्री पटवावी लागते. शिवाय प्रत्येक भाडेकरूला जुन्याइतक्याच चटई क्षेत्राची (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेची) जागा देण्याची हमी द्यावी लागते. फरक चालतो तो फक्त ५ टक्क्यांचा.

घोडे अडते ते इथेच. खोली जमीनदोस्त झाल्यावर 'जुन्याइतके' म्हणजे किती, हे कोण सांगणार? म्हणून सामान हलवण्याआधी खोलीची आतली लांबी-रुंदी मोजा, माळा आणि ओटा वेगळा लिहा, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनामा करा, फोटो काढा. भाडेपावत्या, वीजबिल आणि भोगवटादार म्हणून नाव असलेला घरपट्टीचा उतारा जवळ ठेवा. मालक भाडे घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा. नाकारल्याचा शेरा पुरावा म्हणून कामी येतो.

सर्वांत मोठा धोका साध्या वाटणाऱ्या एका कागदात असतो. 'नूतनीकरण' म्हणून ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, जुन्या भाडेकरूची सही घेतली जाते. याच कायद्याच्या कलम २४ नुसार त्या कागदातला मजकूर निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपली की प्रकरण दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे) जाते आणि जागा न सोडल्यास करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मोजावी लागते. वकिलाला दाखवल्याशिवाय अशी सही करू नये. खोली सोडावी म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करता येतो.

दोन्ही महापालिकांनी एवढे तरी करावे: धोकादायक इमारतीच्या नोटिशीसोबत भाडेकरूंची यादी व प्रत्येक खोलीचे मोजमाप अभियंत्याच्या सहीने तयार करून त्याची प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी, आणि नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना ती यादी समोर ठेवावी.

— एक वाचक, धुळे