वरण-भाकरीची फारकत कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात आपल्या रविवारच्या पुरवणीत एका अभिनेत्रीच्या ‘फूड कॉम्बायनिंग’ आहाराबद्दल अर्धे पान छापून आले होते. दुपारी बारापर्यंत फक्त फळे, भात-पोळी-भाकरी-बटाट्याबरोबर डाळ, दूध, अंडे किंवा पनीर अजिबात नाही, आणि दोन्हींत निदान चार तासांचे अंतर, असा तो नियम. माझ्या नणंदेची मुलगी आमच्याकडे राहून अमळनेरला शिकते. तिचे लग्न वैशाखात आहे. तिने ते पान कापून आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवले आणि दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. पुढे घरात जे झाले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

मी 32 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. पचनसंस्था हा धडा किती वेळा शिकवला याची मोजदाद नाही. तरीही मी पहिल्या दिवशी तिला अडवले नाही. वजन कमी करण्याची तिची इच्छा खरी होती. फरसाण, बिस्किटे सुटत असतील तर बरेच, असे मला वाटले. माझ्या सासूबाईंनी मात्र त्याच दिवशी नेमका प्रश्न विचारला. त्या दिवशी कळण्याची भाकरी होती. म्हणाल्या, “कयनानी भाकरमा ज्वारी नि उडीद संगच दयेल शेतस. आते ते येगयं कसं करशी?” म्हणजे, एकत्र दळलेले ज्वारी-उडीद आता वेगळे कसे करशील?

या प्रश्नाला त्या पानावर उत्तर नव्हते, आणि या आहाराच्या मूळ सिद्धांतातही ते नाही. हा सिद्धांत मांडला विल्यम हॉवर्ड हे (Hay) या अमेरिकन डॉक्टरने, गेल्या शतकाच्या सुरुवातीला. प्रथिने पचायला आम्ल लागते आणि पिष्टमय पदार्थांना अल्कली. दोन्ही एकत्र गेले की एकही नीट पचत नाही, अन्न पोटात सडते आणि त्यातून रोग होतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे 1981 मध्ये ज्युडी मॅझेल यांनी याच कल्पनेला बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत वस्तीचे नाव देऊन आहार काढला. त्यात पहिले दहा दिवस नुसती फळे होती. सिनेमावाल्यांमुळे तो गाजला. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉक्टरांनी त्याचे धोके लिहिले. म्हणजे आपण नवे म्हणून छापले ते शंभर वर्षांचे जुने आहे.

आता पोटात काय होते ते पाहू. भाकरीचा घास जरा जास्त वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतला अमायलेज हा विकर, म्हणजे अन्न तोडणारे रसायन, पिष्टाची साखर करू लागतो. वर्गात आम्ही भाताच्या पेजेत लाळ मिसळून थोड्या वेळाने आयोडीन टाकायचो. पिष्ट उरले असते तर निळा रंग आला असता, पण तो येतच नसे, आणि मुलांचे डोळे मोठे व्हायचे. तो घास जठरात गेला की तिथल्या आम्लात पेप्सिन हा दुसरा विकर प्रथिने तोडायला घेतो. लाळेचे काम तिथे मंदावते, इतपत त्या डॉक्टरांचे बरोबर होते. पण पिष्टाचे खरे पचन जठरात होतच नाही. ते होते लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंडाचा रस येतो. त्यातले बायकार्बोनेट आधी आम्ल शमवते, आणि त्याच रसात पिष्टासाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि चरबीसाठी लायपेज असे तिन्ही विकर असतात. एकाच नळीतून, एकाच वेळी. आईच्या दुधातही साखर, प्रथिने आणि चरबी एकत्रच असतात, आणि बाळ पहिले सहा महिने त्याच्यावरच वाढते. फळे पोटात सडतात म्हणावे, तर जठरातल्या आम्लात सडवणारे जंतू फारसे तगतच नाहीत.

शिवाय निसर्गाने तरी कुठे वेगळे ठेवले आहे? 100 ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात आणि पिष्टमय भाग त्याच्या दुपटीहून जास्त. ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिने असतात. डाळ स्वतःच या नियमात बसत नाही.

तरी भाचीचे वजन उतरले. सहा आठवड्यांत साडेतीन किलो. ती आनंदात होती आणि मलाही उत्तर देता येईना. तेव्हा आम्ही दोघी वही घेऊन बसलो. आधी ती दिवसभरात काय खात होती आणि आता काय खाते, ते आठवून, मोजून लिहिले. संध्याकाळचा चिवडा, दोन चहांसोबतची बिस्किटे, रात्रीची दुसरी भाकरी, रविवारची शेवभाजी आणि तिच्यावरची तर्री, हे सगळे गेले होते. दिवसाला सहाशेच्या वर कॅलरी कमी झाल्या होत्या. वजन उतरले ते त्यामुळे. जेवताना दहा गोष्टी वर्ज्य असतील तर माणूस आपोआप कमी खातो, एवढीच त्यातली किमया.

आमची वही म्हणजे काही संशोधन नव्हे. पण हेच स्वित्झर्लंडमध्ये रुग्णालयात तपासले गेले आहे, आणि त्याचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. 54 लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे रोज 1100 कॅलरी दिल्या. निम्म्यांना वेगवेगळे करून आणि निम्म्यांना नेहमीसारखे एकत्र. वेगळे खाणाऱ्यांचे वजन सरासरी 6.2 किलोने उतरले, एकत्र खाणाऱ्यांचे 7.5 किलोने. हा फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने गणण्याजोगा नव्हता. कॅलरी सारख्या, तर परिणामही सारखा.

इथपर्यंत असते तर मी पत्र लिहिले नसते. ज्याला जे जमते ते त्याने करावे. पण वहीच्या त्याच पानावर मला दुसरी गोष्ट दिसली आणि तिने मी हादरले. भाचीची प्रथिने जवळजवळ निम्म्यावर आली होती.

परदेशात हा आहार करणारा माणूस भात-बटाटा सोडतो आणि कोशिंबिरीबरोबर मासा किंवा मांस पोटभर खातो. त्याचे प्रथिन स्वतंत्र ताटात येते. आपले तसे नाही. आपले वरण भाताबरोबर येते, बट्टीबरोबर येते, कढी आणि डाळीचे फुणके भाकरीबरोबर येतात. डुबुक वड्यांचा रस्सा भाकरी चुरल्याशिवाय कोण खातो? भाकरी काढून घेतली की माणूस नुसते वरण अर्धी वाटी पितो आणि उठतो. भाचीचे तेच झाले. नियमात डाळीला बंदी नव्हती, पण ताटातून डाळच गेली. डिसेंबरात शेतात भरीत केले, तेव्हा त्यात शेंगदाणे आहेत म्हणून तिने भाकरीला हात लावला नाही. सगळे जेवत होते आणि ती काकडी खात बसली होती. मला ते बघवले नाही.

ज्वारी-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात मिळतो. दोन्ही एकाच घासात हवेत असे नाही, दिवसभरात मिळाली तरी चालतात. पण आपल्या घरात ती एका ताटात आली तरच पोटात जातात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धान्याबरोबर डाळ खा असेच सांगते. कळण्याचे पीठ दळून आणणाऱ्या बायांना लायसिन हा शब्द माहीत नव्हता, तरी त्यांनी ज्वारीत उडीद घातला.

जानेवारीत तिला जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 9.4. हे सगळे त्या सहा आठवड्यांत झाले असे मी म्हणणार नाही, ते मुळातच कमी असणार. आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो आकडा 54.2 टक्के आहे. अशा मुलींच्या हातात आपण ताटातली डाळ कमी करणारा कागद देतो आहोत. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर कुपोषण हटवण्यासाठी अंगणवाडीत डाळ आणि धान्य एकत्र शिजवून देतात, आणि इकडे जळगाव-धुळ्यात आपण ती वेगळी करायला सांगतो.

अन्नाच्या जोड्यांना अर्थ नाही असे मात्र कोणी समजू नये. वरणावर लिंबू पिळले की डाळीतले लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. भाजीत थोडे तेल असले की पालक-गाजरातला अ जीवनसत्त्वाचा अंश अंगी लागतो. आयुर्वेदातला विरुद्धाहारही लोक या चर्चेत ओढतात. चरकसंहितेत दूध-मासे एकत्र नकोत असे आहे. पण वरण-भाकरीला तिथे मनाई नाही. आणि रावेर-यावलची केळी चार वाजता वेगळी खाल्ली काय आणि जेवणात खाल्ली काय, निरोगी माणसाला फरक पडत नाही. मधुमेह्याने मात्र सकाळपासून नुसती केळी खात बसू नये. त्याला भाकरीबरोबर डाळ आणि भाजी असणेच हिताचे, त्याने साखर हळू चढते.

भाची आता पुन्हा वरण-भाकरी एकत्र खाते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. फरसाण आणि बिस्किटे मात्र तिने परत सुरू केली नाहीत, आणि वजन अजून उतरतेच आहे.

आपल्याला विनंती अशी की पुन्हा असा आहार छापाल तेव्हा त्याच पानावर जिल्हा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांचे मतही छापावे, आणि त्या आहारात दिवसाला किती प्रथिने मिळतात तो आकडा ठळक द्यावा. नोव्हेंबरच्या पानाबद्दलही तसा खुलासा आला, तर तो कापून मी त्याच फ्रीजवर लावीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, अमळनेर