'सरप्राइज' म्हणजे दरवेळी आश्चर्य नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्रजी बातमीतल्या 'सरप्राइज रेड'चा मराठीत 'आश्चर्यकारक छापा' होतो आणि गाफील सापडलेला संशयित 'आश्चर्यचकित' होतो. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की असंच व्हायचं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधला. तिथलं मूळ क्रियापद 'झडप घालून पकडणे' या अर्थाचं. इंग्रजीतही तो आधी लष्करी होता, बेसावध शत्रूवरचा घाला. अचंबा हा अर्थ मागाहून चिकटला. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंद साठेक मावळ्यांनिशी रात्री पन्हाळ्यावर चढले आणि गड घेतला, ते अस्सल 'सरप्राइज'. त्यांनी आदिलशाही फौजेला आश्चर्यचकित केलं, असं आपल्याकडे कुणी लिहील का?

तेव्हा 'टेकन बाय सरप्राइज'ला 'बेसावध गाठलं' आणि 'सरप्राइज चेक'ला 'अचानक तपासणी' असं लिहावं. वाढदिवसाचं सरप्राइज मात्र खुशाल सरप्राइजच राहू द्या. ते आता नपुंसकलिंगी मराठी नाम झालंय.

मुलांची अडचण वेगळी. 'मला आश्चर्य वाटलं' या वाक्यात कर्ता आश्चर्य आहे, मी नाही. इंग्रजीत कर्त्याच्या जागी माणूस येतो: 'आय वॉज सरप्राइज्ड'. या अदलाबदलीत मधलं 'वॉज' गळतं आणि उत्तरपत्रिकेत 'आय सरप्राइज्ड' उरतं, म्हणजे मी चकित केलं. कुणाला, ते राहूनच जातं. 'आय ॲम सरप्रायझिंग' त्याहून वाईट, कारण 'सरप्रायझिंग' ती घटना, 'सरप्राइज्ड' तो माणूस. पुढे 'ॲट' किंवा 'बाय' येतं. 'विथ' येतं ते फक्त कशाने चकित केलं हे सांगताना, उदाहरणार्थ 'सरप्राइज्ड हर विथ अ साडी'. अनपेक्षित गोष्ट असेल तर 'अ सरप्राइज', नुसती भावना असेल तर 'अ' नको: 'इन सरप्राइज'.

स्पेलिंगमध्ये पहिला 'आर' हमखास सुटतो, कारण ब्रिटिश उच्चारात तो ऐकूच येत नाही. शेवटी 'झेड' कधीच नाही, अमेरिकेतसुद्धा 'एस'च. उच्चार मात्र 'जहाज'मधल्या शेवटच्या ज-सारखा. आणि उच्चारातला जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर, 'प्राइज'वर, मग शब्द नाम असो की क्रियापद.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर