वस्तीतल्या टीबी तपासणीत चार थुंकी, एक कार्ट्रिज

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

मी टीबीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत घरोघरी फिरून गोळा केलेल्या थुंकीच्या डब्या चार-चार एकत्र करून जीन एक्स्पर्टवर, म्हणजे थुंकीतल्या टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावर, लावायची परवानगी मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

पद्धत साधी आहे. प्रत्येक डबीत थुंकीच्या दुप्पट रीएजंट (थुंकी पातळ करणारा द्रव) घालून हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं. मग चार डब्यांतून अर्धा-अर्धा मिली घेऊन एक कार्ट्रिज (यंत्रात बसणारी, एकदाच वापरायची चाचणीची कुपी) भरायची. निगेटिव्ह आली की चौघेही मोकळे. पॉझिटिव्ह आली तर उरलेल्या द्रवातून प्रत्येकाची वेगळी चाचणी, रुग्णाला पुन्हा बोलवायला नको. शंभरात पाच जणांना टीबी असेल तर आधी 25 कार्ट्रिज आणि नंतर फार तर 20. शंभर कार्ट्रिजचं काम 45 मध्ये होतं.

ओपीडीत मात्र हे नकोच. तिथे शंभरातले तीस पॉझिटिव्ह निघाले तर बहुतेक गट पुन्हा उघडावे लागतील, काहीच वाचणार नाही. लहान मुलं आणि एचआयव्हीबाधितांच्या थुंकीत जंतू कमी असतात, त्यांचीही तपासणी वेगळीच हवी. आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचं निदान गटावरून कधीच करू नये.

चौघांची थुंकी मिसळल्यावर जंतू विरळ होतात, ही शंका रास्त आहे. पण जुन्या कार्ट्रिजला मिलीलिटरमागे शंभरावर जंतू लागत, अल्ट्रा या नव्या कार्ट्रिजला 16 च्या आसपास पुरतात. चौपट विरळ झाल्यावरही अल्ट्रा जुनीपेक्षा मागे पडत नाही. कार्ट्रिज संपल्या की आपण सूक्ष्मदर्शकाकडे वळतो, तिथे किमान पाच हजार लागतात! त्या काचेवर सुटलेला माणूस खोकत घरी जातो, दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांमध्ये झोपतो.

कोविडमध्ये एप्रिल 2020 ला आयसीएमआरने पाच नमुने एकत्र तपासायला मुभा दिली होती, तीही बाधितांचं प्रमाण कमी असलेल्या ठिकाणीच.

गोवंडी-मानखुर्द ज्यात येतात त्या एम पूर्व वॉर्डात सुरुवात करावी. पहिल्या टप्प्यात प्रत्येक डबी गटातही आणि स्वतंत्रपणेही तपासावी, म्हणजे किती रुग्ण हुकतात ते आपल्याच आकड्यांवरून कळेल. त्यासाठी सुरुवातीला जास्तीच्या कार्ट्रिज लागतील. त्या मंजूर कराव्यात.

आपली,
टीबी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ, मुंबई