उंची सगळेच छापतात, फझलूर खान कोण ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

जगातल्या सगळ्यात उंच बिल्डिंगांची यादी अधूनमधून कुठेतरी येतेच, बुर्ज खलिफा ८२८ मीटर, मग मलेशियातला मेर्देका ११८ नावाचा टॉवर, मग शांघाय टॉवर, चकाचक फोटो, मजले किती, झालं. पण एवढा डोलारा वाऱ्यात उभा कसा राहतो आणि ते डोकं कुणाचं, हे कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

फझलूर रहमान खान हे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय? जन्म १९२९ चा, ढाक्याचा. इंजिनिअरिंग कोलकात्याजवळच्या शिबपूरला सुरू केलं, ढाक्यात पूर्ण केलं आणि १९५२ ला स्कॉलरशिपवर अमेरिकेत. त्याआधी उंच बिल्डिंग म्हणजे आत सगळीकडे कॉलम-बीमचा सांगाडा, आणि मजले वाढले की वाऱ्याचा जोर असा वाढतो की नुसतं स्टील ओतत बसा, परवडणारच नाही. खानसाहेबांनी ती ताकद बाहेर आणली, बाहेरच्या भिंतीतच कॉलम जवळजवळ लावले आणि अख्खी बिल्डिंग बांबूसारखी पोकळ नळी करून टाकली. शिकागोच्या १०० मजली हॅनकॉक सेंटरचा फोटो बघा, बाहेरून मोठमोठे तिरके क्रॉस दिसतात ना, ते शोभेचे नाहीत, वारा तेच झेलतात! १९३१ च्या एम्पायर स्टेटला चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो स्टील लागलं, हॅनकॉकला १४५. मग सिअर्स टॉवर, म्हणजे आताचा विलिस टॉवर, अशा नऊ नळ्या एकत्र बांधलेल्या, ४४२ मीटर, आणि १९७४ पासून वीसेक वर्षं जगात पहिला नंबर.

हा माणूस नुसता आकडेमोड करणारा नव्हता हो, १९७१ ला शिकागोत राहून बांगलादेशच्या लोकांसाठी मदत गोळा करत होता. १९८२ ला सौदीतल्या जेद्दात वारले, वय अवघं ५२. बुर्ज खलिफाचं डिझाइन पुढे त्यांच्याच फर्मने केलं, स्किडमोर ओविंग्ज अँड मेरिलने.

सिव्हिलला जाणारी एवढी मुलं आहेत आपल्याकडे, त्यांना हे कळायलाच पाहिजे. रविवारच्या पुरवणीत खानसाहेबांवर निदान अर्धं पान द्या, आणि कृपया त्या नऊ नळ्यांचं ड्रॉइंग टाका, रात्रीच्या लाइटिंगचा फोटो नको.

आपला,
एक नेहमीचा वाचक, डोंबिवली